भाऊ १७ वर्षांचा आहे, मित्रांबरोबर बियर पितो. घरी सांगू का? नाशिकमध्ये मदत कुठे मिळेल?

ताई, 'आईबाबांना सांगायचं नाही' अशी शपथ भावाने घातल्याचं तुम्ही लिहिलंय. माझ्या धाकट्या भावानेही मला घातली होती. तो अकरावीत होता, क्लास बुडवून पोरं गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बसायची. मी वर्षभर गप्प राहिलो. वास येऊ नये म्हणून बडीशेप दिली, उशीर झाला की मागचं दार हळूच उघडलं. मला वाटायचं, मी त्याला सांभाळतोय. एका रात्री मित्रांनी त्याला शुद्ध नसताना आमच्या ओट्यावर आणून ठेवलं आणि गाड्या काढून निघून गेले.

मी घाबरून त्याला लिंबूपाणी पाजायला गेलो. तसं कधीच करू नका. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात घातलेलं श्वासनळीत जाऊ शकतं, उलटी काढायला लावणंही तितकंच धोक्याचं. कुशीवर वळवून ठेवा, एकटं सोडू नका. हलवूनही उठत नसेल, श्वास अडखळत येत असेल, ओठ निळे पडत असतील तर लगेच १०८ ला फोन करा. 'झोपला की उतरेल' म्हणून थांबू नका, पोटात राहिलेली दारू झोपेतही रक्तात मिसळत राहते. आईला जाग आली, तिने रिक्षा मिळवली, म्हणून माझा भाऊ आज आहे.

'नुसती बियर तर आहे' असं तोही म्हणायचा. ६५० मिलीची, आठ टक्क्यांची एक स्ट्राँग बाटली म्हणजे व्हिस्कीचे जवळजवळ दोन लार्ज पेग. आणि मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. या वयात लागलेली सवय म्हणूनच जास्त घट्ट बसते. आपल्या गावात द्राक्षं आणि वाइन अभिमानाची, त्यामुळे पोरांना यात काही वावगं वाटत नाही. पण महाराष्ट्रात बियर-वाइनलाही २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. अठराखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. या कायद्यात गुन्हेगार देणारा आहे, तुमचा भाऊ नाही. हे त्याला नक्की सांगा, तो घाबरलेला असणार.

तर घरी सांगाच, पण त्याच्या पाठीमागे नको. दिवसा, तो शुद्धीत असताना म्हणा, 'रविवारपर्यंत तू सांग, मी शेजारी बसते. नाहीतर मी सांगेन.' सोबत एक शब्द द्या: रात्री कुठूनही फोन केलास तर न्यायला येईन, त्या रात्री काही बोलणार नाही, पण पिऊन गाडीवर बसायचं नाही, पिलेल्याच्या मागेही नाही. बाबा हात उगारतील अशी भीती असेल तर आधी मामा किंवा आत्या, ज्याचं ते ऐकतात त्यांना सोबत घ्या.

मदतीसाठी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी विचारा. फोनवर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत, रात्रीसुद्धा, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. भाऊ स्वतः १०९८ लावू शकतो, तो मुलांसाठीच आहे. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींची पावडर मात्र चहातून देऊ नका. त्यात काय असतं कुणास ठाऊक, आणि उघड झालं की तो तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

तो बोलायला तयार नसेल तर १४४१६ आधी तुम्हीच लावा. घरच्या माणसाची काळजी वाटते म्हणूनही फोन करता येतो. मी तेव्हा कुणालाच केला नाही.