गुरुत्वाकर्षण : वक्रता की कण?

प्रश्न : गुरुत्वाकर्षण हे बल नसून स्थलकालाची (अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित पटाची) वक्रता आहे, असं आइन्स्टाइन सांगतो. मग भौतिकशास्त्रज्ञ ग्रॅव्हिटॉन नावाच्या कणाबद्दल का बोलतात? यातलं खरं काय?

उत्तर : यात एकाला खोटं ठरवायची गरज नाही. कणापासून निघालात तरी वक्रतेपाशीच पोहोचता.

सपाट स्थलकाल धरा आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे कणांची देवाणघेवाण असं मानून गणित मांडा. बलाचा पल्ला लांब हवा, म्हणून कण वस्तुमानरहित. त्याचा स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) ० घेतला तर सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकत नाही; प्रत्यक्षात सूर्याला अगदी लगटून जाताना तो १.७५ विकला वाकतो (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). स्पिन १ घेतला तर दोन वस्तुमानं एकमेकांना दूर ढकलतात. स्पिन २ घेतला की प्रकाशाचं उत्तर बरोबर येतं, पण बुध अडतो. इतर ग्रहांची ओढ वजा केल्यावर त्याचा उपसूर्यबिंदू (कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू) शतकाला ४३ विकला सरकतो. हे गणित ५७ देतं, म्हणजे ४/३ पट.

चुकतं ते इथे : गुरुत्वाकर्षण ऊर्जेवर चालतं, आणि गुरुत्वक्षेत्रातही ऊर्जा असतेच. तेव्हा ग्रॅव्हिटॉनने ग्रॅव्हिटॉनलाही ओढलं पाहिजे. त्यासाठी समीकरणात पद वाढवलं की त्या पदाचीही ऊर्जा मोजावी लागते, मग आणखी एक पद, आणि हे संपत नाही. भौतिकशास्त्रज्ञ स्टॅन्ली डेझर यांनी १९७० मध्ये चलांची निवड बदलून ही सगळी मालिका एका पायरीत आटोपली. हाती आलं ते आइन्स्टाइनचं १९१५ चंच समीकरण, बुधाच्या ४३ विकलांसकट! सुरुवातीचा सपाट स्थलकाल मग कुठेच मोजता येत नाही, कारण हे क्षेत्र प्रत्येक घड्याळावर आणि मोजपट्टीवर सारखाच परिणाम करतं. मोजली जाते ती वक्र भूमिती.

पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ थानू पद्मनाभन यांना हे इतकं सरळ वाटत नव्हतं. वाटेत जादा गृहीतकं शिरतात आणि आइन्स्टाइनच्या मांडणीतलं सीमेवरचं पद (स्थलकालाच्या विचारात घेतलेल्या भागाच्या कडेवर मोजलं जाणारं) या मार्गाने निघत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो गंभीरपणे घ्यावा असाच आहे.

खरी अडचण अतिसूक्ष्म अंतरांवर येते. १९८५ मध्ये गोरॉफ आणि सान्योत्ती यांनी दाखवलं, की नुसत्या, म्हणजे पदार्थ न धरलेल्या, गुरुत्वाकर्षणातही दुसऱ्या पायरीच्या क्वांटम दुरुस्तीत अनंत उत्तर येतं. ते झाकायला नवा स्थिरांक लागतो, पुढच्या पायऱ्यांना आणखी. कमी ऊर्जेला त्यांचा परिणाम नगण्य, म्हणून तिथे ग्रॅव्हिटॉनचं गणित बिनधास्त वापरता येतं. सुमारे १० चा १९वा घात इतक्या गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेपाशी मात्र ते कोलमडतं. जिनिव्हाजवळचा मोठा कणवेगवर्धक याच्या जवळजवळ १० चा १५वा घात इतक्या पटींनी खाली आहे.

मग ग्रॅव्हिटॉन सापडला आहे का? गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या वेधयंत्रणेला २०१५ मध्ये सापडली ती लाट, सुटा कण नव्हे. १०० हर्ट्झच्या एका ग्रॅव्हिटॉनची ऊर्जा १० चा उणे ३१वा घात जूलहूनही कमी भरते. सुटा कण अजून कोणी टिपलेला नाही.