आयफेल टॉवरखाली जेवू का लेकीच्या गल्लीत?

या वेळी खाण्यापिण्याचेच प्रश्न जास्त आलेत, आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळे फ्रान्सकडं वळलेले. कोल्हापूर कुठं कुठं पोचलंय बघा.

प्रश्न : आमची लेक पॅरिसला नोकरीला आहे, बेलव्हिल म्हणून भाग आहे तिथं राहते. सप्टेंबरात आम्ही दोघं जाणार आहोत. ती म्हणते घराजवळच्या छोट्या रेस्टॉरंटात जेवायला नेते. आमच्या ह्यांचं म्हणणं, एवढा खर्च करून गेल्यावर टॉवर दिसेल अशा ठिकाणीच जेवायचं, गल्लीबोळात काय जेवायचं? कोणाचं बरोबर?
– एक काकू, राजारामपुरी

उत्तर : लेकीचं. टॉवर बघा की निवांत, त्याला कोण नको म्हणतंय, पण जेवण तिथं नको. टुरिस्ट भागात सगळीकडंच वाईट मिळतं असं नाही, पण चार भाषांतलं फोटोवालं मेनूकार्ड घेऊन दारात माणूस उभा असला की समजायचं, त्याला माहितीय तुम्ही परत येणार नाही. शिवाय त्या जागेचं भाडं तुमच्याच बिलातून जाणार. गल्लीतल्या मालकाला तीच शेजारपाजारची तोंडं दर आठवड्याला बघायची असतात, त्याला कसंही करून चालत नाही.

आणि काकांना हे पण सांगा, की मधलं शहर सोडून बेलव्हिलला खायला-प्यायला जायची पॅरिसच्या लोकांची सवय लई जुनी आहे. 1780 च्या दशकात सरकारनं शहराभोवती भिंत बांधायला घेतली, शत्रूसाठी नव्हे, कर गोळा करायला. आपल्याकडं जकात नाके होते त्यातलाच प्रकार. आत येणाऱ्या दारूवर जकात, मग भिंतीबाहेर वाईन स्वस्त, मग सुट्टीच्या दिवशी लोक चालत बाहेर जाणार, पिणार, नाचणार, जेवून परत येणार. बेलव्हिल तेव्हा भिंतीबाहेरचं गाव होतं, 1860 मधे ते पॅरिसात धरलं. आज शहराचे 20 वॉर्ड आहेत, नंबर मधून सुरू होऊन गोल फिरत बाहेर जातात, आणि बेलव्हिलचा बराच भाग शेवटच्या 19 आणि 20 नंबरात येतो.

अलीकडची गोष्ट सांगतो. इव्ह काँदबोर्द म्हणून शेफ, बड्या क्रियाँ हॉटेलच्या किचनमधे तयार झालेला. त्यानं 1992 मधे स्वतःचं रेस्टॉरंट काढलं ते कुठं, तर 14 नंबर वॉर्डात पार दक्षिणेच्या टोकाला, जिथं शहर संपत येतं. नाव ला रेगालाद. लांब असल्यामुळं जागा परवडली, म्हणून मोठ्या हॉटेलातली कारागिरी साध्या टेबलावर एका ठरलेल्या किमतीत देता आली, आणि मधल्या शहरातली माणसं मेट्रो पकडून तिकडं जायला लागली. पुढं या पद्धतीला बिस्त्रोनॉमी नाव पडलं. तुमच्या लेकीच्या बेलव्हिलमधेच ले बाराताँ आहे, अर्जेंटिनात जन्मलेल्या राकेल कारेना या बाईंनी तिथल्या किचनमधून नाव काढलं, आणि तिथं पदार्थ पाटीवर खडूनं लिहिलेले. त्यामुळं गल्लीबोळ म्हणून नाक मुरडू नका म्हणावं.

आता वेळ, कारण आपल्या लोकांची फजिती इथंच होते. दुपारचं जेवण साधारण 12 ते 2, रात्रीचं साडेसातनंतर, मधे किचन बंद म्हणजे बंद. साडेतीनला भूक लागली म्हणून दार वाजवून उपयोग नाही, बेकरीतनं काहीतरी घ्यायचं. रविवार-सोमवार बरीच छोटी ठिकाणं बंद असतात, आणि ऑगस्टमधे तर काही जण महिना महिना कुलूप लावून सुट्टीवर जातात, तुम्ही सप्टेंबर निवडला ते बरं झालं. टेबल आधी बुक करायला लेकीला सांगा, पंचवीस-तीस खुर्च्यांच्या जागेत ‘ॲडजस्ट करा ना’ चालत नाही.

आत शिरताना ‘बोंज्यूर’, संध्याकाळी ‘बोंस्वार’, हे न बोलता थेट खुर्ची ओढून बसलात की वेटरचा चेहरा तिथंच उतरतो. पाणी विकत घ्यायची गरज नाही, ‘काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी जगमधून फुकट येतं, ब्रेड पण जेवणाबरोबर फुकट आणि संपला की मागायचा. ब्रेडला वेगळी प्लेट बहुतेक नसते, टेबलावरच ठेवायचा, काकू, किळस करू नका. गल्लीतल्या ठिकाणी ब्रेडनं प्लेटमधला सॉस पुसून खाल्ला तर कोणी काही म्हणत नाही, उलट किचनवाल्याला बरं वाटतं.

दुपारी गेलात तर खिशालाही बरं पडतं. स्टार्टर आणि मेन, किंवा मेन आणि गोड, अशी जोडी ठरलेल्या किमतीत असते, बऱ्याच ठिकाणी 20 ते 25 युरोत होऊन जातं. रात्री तेच किचन जास्त पैसे घेतं.

प्रश्न : ग्रुप टूरने चाललोय, एक संध्याकाळ मोकळी आहे. आम्ही मटणवाले, बीफ-पोर्क खात नाही. मेनू सगळा फ्रेंचमधे. कसं ओळखायचं? आणि तिखट मिळंल का?
– एक काका, कळंबा

उत्तर : तिखट नाही मिळणार काका, विषय संपला. मिरपूड आणि मोहरीचं डिजाँ मस्टर्ड मागा, ते नाकात जातं, तेवढ्यावर भागवायचं. खिशातनं चटणीची पुडी काढून त्यांच्या सॉसवर पसरू नका, तो सॉस त्यांनी तासन् तास आटवलेला असतो.

शब्द पाठ करा. ‘आन्यो’ म्हणजे कोकरू, हे तुमचं. ‘जिगो’ म्हणजे त्याची मांडी, ‘सूरी दान्यो’ म्हणजे नळीचा भाग, मंद शिजवलेला, हाडापासून सुटून येतो, हा दिसला तर डोळे झाकून घ्या. ‘पुले’ कोंबडी, ‘कानार’ बदक. बदकाची तंगडी त्याच्याच चरबीत शिजवून कुरकुरीत करतात, तिला कोंफी म्हणतात, कोल्हापुरी माणसाला हमखास आवडणार. नको असलेले : ‘बफ’ गाईबैलाचं, ‘व्हो’ वासराचं, ‘पोर’ डुकराचं. ‘लार्दाँ’ हे डुकराचे छोटे तुकडे आहेत आणि ते निरागस दिसणाऱ्या सॅलडमधे पण टपकतात. कांद्याचं सूप ऐकायला शाकाहारी वाटतं, पण त्यात बऱ्याचदा बीफचा स्टॉक असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘टार्टार’ म्हणजे कच्चं. आणि ‘आंदुइएत’ नावाचं आतड्यांचं सॉसेज, त्याचा वास फ्रेंच लोकांना पण सगळ्यांना झेपत नाही, तर तुम्ही कशाला धाडस करताय.

मांस किती शिजवू असं विचारलं तर ‘ब्यँ क्वी’ सांगा, म्हणजे पूर्ण शिजलेलं. ते जरा नाराज होतील, होऊ द्या. मंद शिजवलेल्या पदार्थात तो प्रश्नच येत नाही, म्हणून तेच मागवलेलं शहाणपणाचं.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी, अंडं पण नाही. सून म्हणते फ्रेंच ठिकाणी चीज आहे की भरपूर. मला चालेल?
– एक आजी, ताराबाई पार्क

उत्तर : आजी, अंडं नको म्हटल्यावर गल्लीतल्या छोट्या जागेत अवघड आहे, खोटं कशाला सांगू. किचनमधे दोनच माणसं, पाटीवर पाचसहा पदार्थ, त्यात तुमच्यासाठी वेगळं करा म्हणणं जड जातं. चीजचं पण बघा, कोंतेसारख्या नावाजलेल्या चीजमधे दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, नियमच तसा आहे. सुनेला सांगा बुक करतानाच फोनवर विचार, आधी सांगितलं तर बरेच जण भाज्यांचं काहीतरी करून देतात. दूध-साय-बटाट्याचा ‘ग्रातँ दोफिनवा’ मिळाला तर छान, पण चीज घातलंय का विचारायचं. नाहीतर सरळ बेलव्हिलकडं जा, उत्तर आफ्रिकेचे लोक तिथं बरेच आहेत, कुसकुस म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, त्याबरोबर भाज्यांचा रस्सा मिळतो, त्यात मटणाचा स्टॉक नाही ना एवढं विचारून घ्या.

प्रश्न : हॉटेल मॅनेजमेंट झालंय. फुलेवाडीच्या पुढं घरची जागा आहे, तिथं छोटं फ्रेंच रेस्टॉरंट काढायचा विचार आहे. कोल्हापुरात चालेल का?
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : भावा, भाडं नाही ही अर्धी लढाई जिंकलास. बाकीची अर्धी मेनूत हरू नकोस, चाळीस पदार्थ ठेवलेस की फ्रीज भरतो आणि खिसा रिकामा. पाच-सहा ठेव, पाटीवर लिही, संपलं की पुसून टाक, कोल्हापूरकराला ‘मटण संपलं’ ऐकायची सवय आहे, तो दुसऱ्या दिवशी लवकर येतो.

कांद्याचं सूप इथं मटणाच्या अळणीत कर. तासभर बारीक आचेवर परतलेला कांदा, वर अळणी, भाजलेला पाव आणि चीज, हे पंचगंगेच्या काठावर का चालू नये मला कळत नाही. बकऱ्याची नळी मंद शिजवून गाजर-बीन्सबरोबर दे, पण तांबड्या रश्श्याला फ्रेंच नाव देऊन विकू नकोस, लोक हसतील आणि बरोबरच हसतील. गोडाला कॅरमेल कस्टर्ड, ते आपल्या लोकांच्या ओळखीचं आहे आणि दुधाला इथं तोटा नाही. सुट्टी सोमवारी घे, बऱ्याच घरात त्या दिवशी मटण नसतंच. श्रावणाचा हिशेब मात्र आधीच कर, त्या महिन्यात शाकाहारी पाटी लागणार.

प्रश्न : फ्रान्समधे टीप किती द्यायची?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : सर्व्हिस किमतीतच धरलेली असते, टॅक्स पण. आवडलं तर एखाद-दोन युरो टेबलावर ठेवा, नाही ठेवले तरी कोणी मागं धावत येत नाही. बिल मात्र मागावं लागतं, ‘लादिस्याँ, सिल व्हू प्ले’, तोपर्यंत आणत नाहीत, मग रात्रीचे अकरा वाजू देत नाहीतर साडेअकरा.