टीव्हीवरच्या टारासारखी एका बाईत चार-चार माणसं खरंच असू शकतात का? आणि आपल्याकडं अंगात येतं ते हेच का?

तुम्ही 'युनायटेड स्टेट्स ऑफ टारा' या अमेरिकन मालिकेचा पहिला सीझन बघून विचारलंय म्हणून त्यावरूनच सांगते. मी अंबाजोगाईकडची आहे, डॉक्टर नाही, पण ही मालिका पूर्ण बघितलीय आणि या विषयावर मिळेल ते वाचलंय, कारण आमच्या घरात याच्या जवळचं काहीतरी मी लहानपणापासून बघत आलेय.

आधी पहिला प्रश्न. हो, असतं. डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात, १९९४ च्या आधी मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणायचे. बहुतेक वेळा मुळाशी लहानपणी वारंवार झालेला अत्याचार असतो, लेकराला सहन होत नाही म्हणून मन ते बाजूला काढून ठेवतं. सगळ्याच तज्ज्ञांना हे पटतं असं मात्र नाही. १९७६ ला अमेरिकेत टीव्हीवर 'सिबिल' नावाचा सिनेमा आला होता, सोळा व्यक्तिमत्त्वं असलेल्या बाईचा, तो जिच्यावर होता तिने खूप आधी १९५८ लाच डॉक्टरणीला पत्र लिहून कळवलं होतं की हे सगळं मी खोटं सांगितलं, आणि डॉक्टरणीने ते मानलंच नाही, उपचार टाळायलीय असं धरलं. हा वाद अजून चालूच आहे.

टारामध्ये कपडे, आवाज, चाल सगळं एका झटक्यात बदलतं, टी म्हणजे अल्लड पोरगी, अ‍ॅलिस म्हणजे १९५० च्या काळातली नीटनेटकी गृहिणी आणि बक म्हणजे व्हिएतनामला जाऊन आलेला दांडगा पुरुष. टोनी कोलेटने काम असलं भारी केलंय की टीव्हीसाठीचा २००९ चा एमी पुरस्कार तिलाच मिळाला. पण खऱ्या आयुष्यात इतकं ठळक क्वचितच दिसतं. बऱ्याचदा बाई मधले तास विसरते, घरात न आठवणारी वस्तू सापडते, लोक म्हणतात तू असं बोललीस आणि तिला पत्ताच नसतो. घरच्यांना वाटतं खोटं बोलायली.

आता अंगात येणं. माझ्या चुलतीच्या अंगात यायचं. पौर्णिमेला, नवरात्रात, आणि कधी कधी घरात भांडण झालं की. केस मोकळे, आवाज घोगरा, आणि जो चुलता एरवी तिला ताटावरून उठवायचा तो हात जोडून समोर बसायचा, आई काय चुकलं सांग म्हणायचा. ती सांगायची पण. घराचा पैसा कुठं चाललाय, सुनेला माहेरी का पाठवत नाही, सगळं. मग शांत झाली की पाणी पाजायचे, आणि परत चुलीपुढं. शुद्धीवर आल्यावर तुला काय होतंय गं असं तिला कोणी कधी विचारलं नाही, देवीला मात्र सगळ्यांनी विचारलं.

तिला तो आजार होता असं मी म्हणणार नाही, तपासलंच नाही कोणी. आणि दोन्ही एकच आहे असंही नाही. येरमाळ्याच्या यात्रेत किंवा तुळजापूरला जे अंगात येतं, रीतीनुसार येतं आणि जातं, बाईला त्याचा त्रास नसतो, त्याला डॉक्टरही आजार म्हणत नाहीत. नको असताना यायलंय, काम-संसार बिघडायलाय, मधलं काही आठवत नाही, तेव्हा तो आजार असू शकतो. अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांनी २०१३ ला या आजाराच्या व्याख्येतच लिहिलं की काही समाजांत तो अंगात आल्यासारखा दिसतो. म्हणजे तुमची शंका अगदी रास्त आहे.

मला या मालिकेत सगळ्यात जास्त भावलं ते घर. नवरा मॅक्स, दोन लेकरं, कुणी आलं की आधी ओळखतात आता कोण आहे, त्याच्याशी तसं बोलतात, टी लगट करायला आली तरी मॅक्स तिला हात लावत नाही कारण टाराशी तसं ठरलेलं आहे. दमतात, चिडतात, पोरीला तर मित्रांपुढं लाज वाटते, बहीण शार्मेनला वाटतं ही नाटकं करायली. तरी टारा परत आली की तिच्याशी बोलतात. आमच्याकडं एवढंच नव्हतं हो.

तुमच्या ओळखीत कुणी असेल तर बाबाकडं नेऊन मारझोड, धुरी असलं काही होऊ देऊ नका, तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात किंवा आमच्या अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. या आजारावर खास अशी गोळी नाही, गोळ्या उदासी किंवा भीतीसाठी देतात, मुख्य उपचार बोलण्याचा आणि तो वर्षानुवर्षं चालतो, घरच्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

आणि दुसरा-तिसरा सीझन सोडू नका. टारा सुरुवातीला गोळ्या का बंद करते, तिला काय शोधायचं असतं, ते तिथं उलगडतं. शेवट सांगत नाही.