टरफल म्हणजे वैरण नव्हे

भावा, सोयाबीन टरफलात, म्हणजे दाण्याच्या सालीत, तंतू भरपूर, पण कण बारीक. त्यावरच भागवलंस तर गाय रवंथ कमी करते, लाळ कमी सुटते आणि दुधाची फॅट घसरते. मग डेअरीत रोजची कटकट! म्हणून उसाचं वाडं (शेंड्याची हिरवी पानं), कडबा कुट्टी करून आधी घाल. कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची, पीठ नको.

टरफल पाटीनं मोजू नकोस, हलकं असतं. पाटीभर सरकी पेंड वजनाला कितीतरी जास्त भरते. काट्यावरच तोल.

पाणी मात्र भारी शोषतं, मूठभर भिजवून बघ, लगेच फुगतं. लागेल तेवढंच भिजव; आपल्या वाळवा तालुक्याच्या पावसाळी हवेत उरलेलं आंबायला वेळ लागत नाही.

दुपारी गाई बसल्यावर गोठ्यात चक्कर मार. निम्म्या तरी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत, नाहीतर टरफल कमी कर.