ना क्रूस, ना घंटा, वर कुत्र्यांना जागा!

प्रश्न : दादा, मे महिन्यात लेकाकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा त्यानं सेडबर्गजवळचं ब्रिगफ्लॅट्स दाखवलं, म्हणे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचं साडेतीनशे वर्षांचं मीटिंग हाउस, म्हणजे प्रार्थनेला जमायची जागा. मला तर ते चुना मारलेलं शेतकऱ्याचं घरच वाटलं. क्रूस नाही, घंटा नाही, आत आमच्या चाळीसारखी लाकडी गॅलरी आणि जिन्यापाशी चक्क कुत्र्यांसाठी कप्पा! हे कसलं चर्च? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : काकू, चर्च म्हणालात तर जॉर्ज फॉक्स रागावला असता बघा. क्वेकर पंथ सुरू करणारा हा माणूस 1652 मध्ये त्याच भागात उघड्या माळावर लोकांशी बोलला होता, चर्च म्हणजे माणसं, इमारत नव्हे असं त्याचं म्हणणं, इमारतीला तो नुसतं 'शिखरवालं घर' म्हणायचा. मग वेदी कशाला आणि रंगीत काचा कशाला? लोक यायचे, बाकांवर गप्प बसायचे, आतून काही आलं तर उठून बोलायचे, बायकासुद्धा, आणि हे सतराव्या शतकात बरं का! त्याला लागते काय, तर उजेडाची एक खोली, बाकं, आणि भिंतीलगत एक जरा उंच बाक, तिथं जाणती मंडळी बसायची सगळ्यांकडे तोंड करून.

दुसरं म्हणजे 1675 मध्ये हे बांधलं तेव्हा अशी सभा भरवणंच गुन्हा होता. घरच्यांखेरीज पाच किंवा जास्त माणसं जमली की दंड. सूट मिळाली ती 1689 च्या कायद्यानं, म्हणजे यांनी त्याच्या 14 वर्षं आधीच बांधून टाकलं! गंमत म्हणजे आपल्या मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलचा पाया 1676 चा, जेमतेम वर्षाचा फरक, पण तिथं आत गेलात की भिंतीभर साहेबलोकांची संगमरवरी स्मारकं, आणि इकडे कोरी भिंत. मला विचाराल तर कोरी भिंत जास्त आवडते, पण ते असो.

कुत्र्यांचं म्हणाल तर येणारे बरेचसे मेंढ्या राखणारे शेतकरी, कुत्रं सोबत असायचंच, आणि तासभर शांत बसलेल्या लोकांत ते सैल सोडलं तर काय होईल सांगा!

पुढच्या वेळी लंडनजवळचं जॉर्डन्सचं मीटिंग हाउसही बघा, 1688 चं आहे, विटांचं, पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनची कबर तिथंच आहे. आणि जमलं तर रविवारी जा, बाहेरच्यांनाही बसू देतात, फक्त तुमचा मोबाइल कुत्र्यांच्या त्या कप्प्यात ठेवून.