डॅक आणला, आता पिन कुठे खोचू?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं डॅकची आहेत. डॅक म्हणजे लॅपटॉप, मोबाइल किंवा टीव्हीकडून येणारे आकडे घेऊन अँपला, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या अँप्लिफायरला, कळेल असा सिग्नल तयार करणारा डबा. तो तुमच्या मोबाइलच्या पोटातही असतोच, पण हल्ली लोक वेगळा घेतात. घ्या, माझं काही म्हणणं नाही. मात्र आवाज बिघडला म्हणून ज्यांनी ज्यांनी लिहिलंय, त्यांच्यापैकी एकाचाही डबा खराब वाटत नाही. सगळा इस्कोट जोडणीत आहे.

प्रश्न : वडिलांच्या वेळचा इंटिग्रेटेड अँप आहे, मागे फोनो, ट्यूनर, ऑक्स, टेप अशी भोकं. मुलाच्या सांगण्यावरून प्रीअँपसकट येणारा डॅक घेतला आणि लॅपटॉपला यूएसबीने जोडला. फोनोची जागा रिकामी होती, तिथे पिना लावल्या तर आवाज फाटला, नुसता घुमू लागला. ऑक्सला लावल्यावर स्वच्छ झाला, पण व्हॉल्यूम जरा हलवला की खोली दणाणते, आणि अगदी हळू ठेवला की डावा स्पीकर गप्प होतो. लॅपटॉप चार्जिंगला असला की हमिंग येतं ते वेगळंच. मुलगा म्हणतो, वेगळा प्रीअँप घेऊ. घेऊ का?
— निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी

उत्तर : काका, पाकीट खिशातच ठेवा. प्रीअँप म्हणजे सिग्नल निवडून कमी-जास्त करणारा पुढचा भाग; इंटिग्रेटेड अँपमध्ये तो आणि स्पीकर ढकलणारा पॉवर अँप एकाच डब्यात असतात. तुमच्याकडे आत्ताच दोन प्रीअँप आहेत, एक डॅकमध्ये आणि एक अँपच्या पोटात. तिसरा कशाला?

आधी फोनोचं बघू. ते भोक तबकडीच्या सुईसाठी असतं. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या पिकअपमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात, म्हणून फोनोच्या आतला भाग सिग्नल शंभरेक पटीने वाढवतो. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर वाढवलेले असतात. १९५४ पासून त्याचं एक ठरलेलं माप आहे, आरआयएए नावाचं. फोनो ते उलटं फिरवतं, म्हणजे २० हर्ट्झला जवळजवळ दहापट चढवतं आणि २० किलोहर्ट्झला तितकंच उतरवतं. तुमच्या डॅकमधून पूर्ण आवाजाला दोन व्होल्ट येतात. पाच मिलिव्होल्टच्या दारातून दोन व्होल्ट आत ढकलल्यावर फाटणार नाही तर काय होणार? वर खर्जही फुगला, म्हणून घुमलं. अँपला बहुतेक काही झालेलं नसणार. फोनो तबकडीसाठी राखून ठेवा.

ऑक्सला स्वच्छ वाजलं, म्हणजे जागा बरोबर आहे, फक्त माप चुकतंय. हे अँप बनले तेव्हा ऑक्सवर ट्यूनर नाहीतर कॅसेट डेक यायचा, काहीशे मिलिव्होल्टचा. त्यामुळे साधारण १५० ते २०० मिलिव्होल्टला पूर्ण ताकद मिळेल अशी अँपची आखणी असायची. सीडी प्लेअर १९८२ साली आला आणि दोन व्होल्टची रीत त्याने पाडली, तीच डॅकने उचलली. म्हणजे गरजेच्या दहापट, डेसिबलमध्ये वीस जास्त. उसाच्या शेतातला पाच एचपीचा पंप स्वयंपाकघरातल्या नळाला जोडल्यासारखं आहे हे, चावी किंचित सोडली की ओट्यावर पूर. आपल्याकडचं ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’ ते हेच.

डावा स्पीकर गप्प होतो त्याचं मूळही इथेच आहे. व्हॉल्यूमच्या बटणामागे एकाच दांड्यावर दोन कार्बनचे पट्टे असतात, एक डाव्याचा, एक उजव्याचा. पट्ट्याच्या सुरुवातीला त्या दोघांचं कधीच पटत नाही, एक आधी सुरू होतो, दुसरा मागाहून. बटण मधल्या जागी असलं की हा फरक जाणवत नाही. तुम्हाला ते सुरुवातीच्या टोकाशीच ठेवावं लागतंय, म्हणून डावा रुसतो. तेव्हा तो कंट्रोल बदलून घ्यायची घाई नको. एवढ्यासाठी उघडलेले अँप आमच्या दुकानात वडिलांच्या काळापासून येतात, आणि नवा कंट्रोल घातला तरी तक्रार तीच राहते.

उपाय फुकटचा आहे. डॅकचा स्वतःचा व्हॉल्यूम उणे अठरा डेसिबलच्या आसपास आणून तिथेच सोडा आणि रोजचं कमी-जास्त अँपच्या बटणाने करा. नेहमीच्या ऐकण्याला बटण घड्याळातल्या अकरा-बाराच्या जागी आलं, की जमलं. डिजिटल व्हॉल्यूम उतरवला की बिट जातात, असं मुलगा म्हणेल. हिशेबाने त्याचं खरं आहे, सहा डेसिबलला एक बिट जातो, अठराला तीन. पण गाणं १६ बिटचं असतं आणि आजचे डॅक आतून २४ किंवा ३२ बिटमध्ये मोजतात. खाली जागा शिल्लक असते, कानाला काही कमी पडत नाही. लॅपटॉपचा व्हॉल्यूम मात्र पूर्ण ठेवा आणि नोटिफिकेशनचे आवाज बंद करा. भैरवीच्या मध्येच ‘टिंग’ वाजलं की माझं तर डोकंच फिरतं.

तुमच्या डॅकला व्हॉल्यूम नसता, तर दोन रेझिस्टरनी भागलं असतं. प्रत्येक चॅनेलला सिग्नलच्या वाटेत १० किलोओहमचा एक, आणि त्याच्यापुढे सिग्नल व ग्राउंड यांच्यामध्ये १ किलोओहमचा एक. दोन व्होल्टचे अकरावा हिस्सा, म्हणजे १८० मिलिव्होल्ट होतात. चार रेझिस्टर, दोन कॉर्ड आणि डाग द्यायची हौस, बस्स.

आता तुमच्या अँपच्या मागे बघा. काही जुन्या अँपना ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ अशा जोड्या असतात आणि त्यांच्यात इंग्रजी यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या खोचलेल्या असतात. त्या काढल्या की अँपचे दोन तुकडे होतात, पुढचा प्री आणि मागचा पॉवर. डॅकमधला प्रीअँपच वापरायची हौस असेल तर त्याच्या पिना थेट ‘मेन इन’ला लावता येतात. तिथे साधारण एक व्होल्ट लागतो, म्हणजे डॅकशी मापही जुळतं. पण मग अँपचं व्हॉल्यूमचं बटण शोभेपुरतं उरतं. सगळा लगाम डॅककडे, आणि वीज जाऊन आल्यावर काही डॅक पूर्ण आवाजावर जागे होतात. तुमच्या भागात लाइट किती वेळा जाते ते तुम्हीच जाणता. मी तुमच्या जागी असते तर ऑक्सवरच राहिले असते. पट्ट्या काढल्याच, तर त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून अँपच्या तळाला चिकटपट्टीने लावून ठेवा. पट्ट्या हरवलेले अँप लोक मेले म्हणून भंगारात देतात, बिचारे ठणठणीत असतात.

राहिलं हमिंग. चार्जर भिंतीतून काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज गेला, तर रोग अर्थिंगचा. लॅपटॉपला तीन पिनी चार्जरमधून एक अर्थ मिळते, अँपला दुसऱ्या बोर्डातून दुसरी, आणि यूएसबी व आरसीएच्या (डॅकपासून अँपपर्यंतच्या, गोल पिनांच्या) कॉर्ड दोघांना जोडून वेटोळं पूर्ण करतात. त्यातून फिरणारा करंट ५० हर्ट्झचा घरघराट होऊन स्पीकरमध्ये येतो. चार्जर दोन पिनी असेल तरी सुटका नाही. त्याच्यातून थोडी वीज गळते, लॅपटॉपच्या पत्र्याला मनगट लागलं की मुंग्या येतात ना, तीच. ती अँपच्या वाटेने जमिनीत उतरायला बघते.

पहिलं काम, लॅपटॉप, डॅक, अँप, सगळे एकाच एक्स्टेन्शनवर आणा. बऱ्याच घरांत एवढ्याने मिटतं. नाही मिटलं तर डॅक आणि अँपच्या मध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला; तो सिग्नल पुढे जाऊ देतो, पण दोन्हीकडच्या तारा एकमेकींना जोडत नाही. स्वस्तातला घेतलात तर खर्ज दुबळा होतो, म्हणून आधी लावून ऐका, मगच पैसे द्या. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही, अँपची अर्थची पिन कापायची नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. हमिंग जातं हे खरं, पण उद्या आत ट्रान्सफॉर्मरची तार पत्र्याला लागली तर अँपला हात लावणारा माणूसच अर्थ होतो. जमलं तर वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या वाड्यांतून बोर्डावर तीन भोकं दिसतात आणि तिसऱ्याच्या मागे तारच नसते. राजारामपुरीतल्या जुन्या बंगल्यांचाही भरवसा धरू नका.

प्रश्न : टीव्हीची ऑप्टिकल केबल डॅकला लावली. लाल उजेड दिसतो पण आवाज नाही, एखाद्या चॅनेलवर नुसती खरखर. डॅक परत करू का?
— गृहिणी, कसबा बावडा

उत्तर : नको वहिनी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंड, त्यात डिजिटल आउटपुट शोधा. तिथे ऑटो, बिटस्ट्रीम किंवा डॉल्बी असं असेल, ते पीसीएम (म्हणजे साधे, न गुंडाळलेले आकडे) करा. साध्या स्टिरिओ डॅकला डॉल्बीची गुंडाळलेली भाषा उलगडता येत नाही, तो एकतर गप्प बसतो नाहीतर खरखरतो. टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी होईनासा झाला तर तो बिघाड समजू नका. ऑप्टिकलमधून सहसा ठरलेल्या पातळीचाच सिग्नल निघतो. रिमोट डॅकचा वापरायचा. ऑप्टिकलचा एक फायदा असा की त्यातून फक्त उजेड जातो, तांब्याची तार नाही, म्हणून वर काकांना झाला तो हमिंगचा त्रास या वाटेने येत नाही. केबलला तीव्र घडी मात्र घालू नका.

प्रश्न : मी जयपूर-अत्रौली गायकीचा भक्त. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून केलेल्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइल मिळतात. त्यासाठी त्या ताकदीचा महागडा डॅक घ्यावा का?
— संगीतप्रेमी, गडहिंग्लज

उत्तर : घराण्याचं नाव काढलंत आणि तेही कोल्हापूरकडच्या मासिकात! या घराण्याचे संस्थापक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, इथली संगीतसंस्था देवल क्लब १८८३ पासून आहे, तेव्हा इथे जपून बोलावं लागतं. तरी सांगते, नका घेऊ. सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झचं माप सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे सूर धरतं आणि १६ बिटमध्ये सर्वांत हळू ते सर्वांत मोठा यांत ९६ डेसिबलचं अंतर मावतं. ७८च्या तबकडीत यातलं अर्धंही नसतं, वरच्या अंगाला बहुतेक सुईची खसखसच. ती खसखस १९२ला फार सुंदर उमटते, एवढाच फरक. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे, एलपीच्या निम्म्या वेगाने. तिथे कुणी १९२ किलोहर्ट्झ मागितले नाहीत.

तबकडीवरून फाइल कुणी केली, सुई योग्य जाडीची वापरली का, वेग बरोबर धरला का, याच्याकडे बघा. वेग चुकला तर बाईंची पट्टीच बदलते, आणि ते कुठलाही डॅक दुरुस्त करत नाही. उरलेल्या पैशांत स्पीकर बघा.

प्रश्न : भाच्याने अमेरिकेतून वापरलेला प्रीअँप आणलाय. मागे १२० व्होल्ट लिहिलंय. पिन बदलून लावू का?
— वाचक, जयसिंगपूर

उत्तर : पिन बदलून लावलात तर धूर बघायला मिळेल. आपल्याकडे २३० व्होल्ट. मागे व्होल्टेज बदलायचा खटका आहे का ते आधी पाहा. असेल तर तो फिरवा आणि फ्यूजही २३० व्होल्टसाठी सांगितलेल्या मापाचा घाला. नसेल तर स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रीअँप फार वीज खात नाही, १०० व्हीएचा पुरतो. दुकानदाराला ‘डबल वाइंडिंगचा द्या’, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी तार वेगळी असलेला, म्हणून सांगा; दोन्हीला एकच तार असलेला ऑटो नको. आणि त्या ट्रान्सफॉर्मरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी त्यावर मिक्सर लावतं.

प्रश्न : माझ्या जुन्या अँपला आरसीए नाहीच, पाच पिनी गोल सॉकेट आहे. डॅक कसा जोडू?
— शिक्षक, कागल

उत्तर : ते डिन सॉकेट, ‘टेप’ लिहिलेलं असेल तेच घ्या. पिनांचे नंबर सरळ क्रमाने नसतात, ओळीने १, ४, २, ५, ३ असे येतात. मधली २ नंबरची ग्राउंड, ३ डावा, ५ उजवा. १ आणि ४ रेकॉर्डिंगच्या, त्यांना हात लावायचा नाही. कॉर्ड तयार मिळते, पण काही कॉर्डना रेकॉर्डिंगच्याच पिना जोडलेल्या असतात, म्हणून घेताना मल्टिमीटरने पाहा. इथेही दोन व्होल्ट जास्तच होतात. वर काकांना सांगितलेले १० किलो आणि १ किलोचे रेझिस्टर प्लगच्या टोपणात मावतात, पाव वॉटचे घ्या. डाग देताना प्लग एखाद्या सुट्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा. नाहीतर आतलं प्लास्टिक वितळून पिना वाकड्या होतात आणि मग प्लग आत जातच नाही.