विमानाच्या आवाजाची तक्रार: कुठं करायची, कशी लिहायची?

कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ पासूनचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. मधली कित्येक वर्षं तिथं नियमित विमानच नव्हतं. २०१८ मध्ये केंद्राच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेतून वाहतूक पुन्हा सुरू झाली, पुढं धावपट्टी वाढली, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांत विमानतळ बंद करा असं कुणीच म्हटलेलं नाही. या लोकांना झोप हवी आहे, आणि ते मागणं रास्त आहे.

प्रश्न : विमान गेलं की पाळण्यातलं बाळ दचकून उठतं. पोलीस ठाण्यानं ग्रामपंचायतीत पाठवलं. ग्रामपंचायत म्हणते, आमच्या हातात काही नाही. जायचं कुठं? (उजळाईवाडी)

डीजे किंवा लाउडस्पीकर पोलीस बंद करू शकतात, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तसा अधिकार आहे. विमानाचं तसं नाही. मार्ग, चढण आणि उतरण हा सगळा केंद्राचा विषय. विमानतळ आणि हवाई वाहतूक नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाकडे, नियम डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे. म्हणून पहिला अर्ज विमानतळ संचालकांच्या नावानं द्या, पोच घ्या आणि प्रत डीजीसीएला पाठवा. तीच तक्रार केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर टाकली की नोंदणी क्रमांक मिळतो आणि कागद कुणाच्या टेबलावर अडकलाय ते दिसतं. एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला द्या.

ग्रामपंचायतीला मात्र असे हात झटकता येणार नाहीत. ग्रामसभेत ठराव करून तो अर्जाला जोडा. विमानतळाची सल्लागार समिती असते आणि तिचे अध्यक्ष स्थानिक खासदार असतात. ठरावाची प्रत त्यांनाही गेली पाहिजे.

या ताईंनी पत्रासोबत दूध संघाच्या कॅलेंडरच्या एका पानाचा फोटो पाठवलाय. तारखेच्या चौकटीत पेन्सिलनं विमानाची वेळ, शेजारी ‘पू’ किंवा ‘प’ (विमान पूर्वेला गेलं की पश्चिमेला), आणि बाळ उठलं त्या दिवशी फुली. इतकी वर्षं ध्वनिमापनाचं काम करतोय, पण इतकी कामाची नोंद क्वचित पाहिली. ‘फार त्रास होतो’ या वाक्यावर अधिकारी काहीच करू शकत नाही. तारीख, वेळ आणि दिशा असली की त्याला ती उड्डाणांच्या नोंदीशी ताडून पाहावीच लागते. दिशेचं कारण असं, की विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि उतरतं. आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणून उड्डाणं बहुधा महामार्गाच्या बाजूला. वारा फिरला की त्रास दुसऱ्या गावाच्या वाट्याला. तेव्हा ताई, पान फाडू नका. निदान तीन महिन्यांची नोंद ठेवा.

आणि अर्जात मागणी नेमकी करा: उड्डाणानंतर कमी आवाजाची चढण पद्धत वापरावी, रात्री १० ते सकाळी ६ इंजिनाची जमिनीवरची चाचणी करू नये, वस्तीत आवाज मोजून अहवाल द्यावा.

प्रश्न : मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ८५ डेसिबल दिसतं. निवासी भागाची मर्यादा ५५ आहे. म्हणजे नियम मोडला ना? (गडमुडशिंगी)

नाही, आणि बहुतेक अर्ज इथंच फेटाळले जातात. ५५ आणि रात्री ४५ ही नेहमीच्या निवासी भागाची मर्यादा. विमानतळाभोवतीच्या क्षेत्रासाठी २०१८ मध्ये केंद्रानं वेगळी मानकं आणली. वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त उड्डाणं-उतरणं असतील तिथं दिवसा ७०, रात्री ६५. बाकीच्या विमानतळांना दिवसा ६५, रात्री ६०. ५०,००० म्हणजे रोज सरासरी १३७, कोल्हापूर त्याच्या कितीतरी खाली. म्हणून आपल्याला ६५ आणि ६० लागू.

शिवाय हे आकडे सरासरीचे आहेत. समजा एक विमान २० सेकंद ८५ डेसिबलनं गेलं आणि दिवसात अशी सहा गेली. दिवसाच्या १६ तासांवर ती ऊर्जा पसरली की सरासरी येते ५८ च्या आसपास. कागदावर नियम पाळला गेला, बाळ मात्र सहा वेळा उठलं. मला हा नियमच अपुरा वाटतो. एकेका विमानाचा कमाल आवाजही धरायला हवा, आणि ही मागणी ठरावात जरूर लिहा. जागतिक आरोग्य संघटनेनं युरोपसाठी २०१८ मध्ये विमानाच्या रात्रीच्या आवाजाची शिफारस ४० डेसिबलच्या खाली ठेवली आहे.

अ‍ॅप स्वतःच्या नोंदीपुरतं ठीक. पुराव्यासाठी प्रमाणित ध्वनिमापक लागतो, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मोजणी मागा. विमानतळाकडे आवाजाची मोजणी आणि पर्यावरण मंजुरीच्या अटींचे सहामाही अहवाल असतील, तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून प्रती मागवा. उत्तराची मुदत ३० दिवस.

प्रश्न : धारेच्या वेळी विमान गेलं की म्हैस पान्हा चोरते. हसू नका. (नेर्ली)

हसण्यासारखं काहीच नाही. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळं सुटतो. जनावर दचकलं की अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि पान्हा अडतो. नेहमीच्या आवाजाला म्हशी हळूहळू सरावतात, अवचित आवाजाला नाही. जमेल तर धार विमानाच्या वेळेच्या अर्धा तास अलीकडं-पलीकडं घ्या. गोठ्याला नुसता पत्रा असेल तर आत गवताचं किंवा पाचटाचं छत करा, घुमणं कमी होतं. डेअरीच्या पावत्या जपून ठेवा. ज्या वेळेला विमान आलं त्या वेळेचं दूध कमी भरलं हे त्यांवरून दाखवता येतं.

प्रश्न : प्लॉट घेतोय. बिल्डर म्हणतो विमानतळाची एनओसी आहे. (गोकुळ शिरगाव)

ती एनओसी इमारतीच्या उंचीची असते, आवाजाशी तिचा संबंध नाही. सौदा करण्याआधी विमानाच्या वेळी दोन-तीनदा प्लॉटवर जाऊन उभं राहा.

प्रश्न : टोलसारखं आंदोलन उभारावं का, की थेट कोर्टात जावं? (उजळाईवाडी)

टोलच्या वेळी कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, कारण निर्णय मुंबईत होणार होता. इथं तो दिल्लीत होतो, आणि तिथं आधी फाइल पोचली पाहिजे. अर्ज, पोच, ठराव, माहिती अधिकाराचं उत्तर एवढं हाती आल्यावर पुण्याच्या हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या वादांच्या न्यायाधिकरणात, जाता येतं. वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, ती चुकवू नका. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच आहे, तोही मार्ग आहे. वकिलाकडं जाताना ते कॅलेंडर सोबत न्या.